संगणकांतील जुनी प्रणाली काढावी काय?

पुष्कळ घरांत एकाच संगणकावर दोन प्रणाली नांदतात : आधींची विंडोज १० आणि तिच्या शेजारीं, डिस्कच्या दुसऱ्या भागांत, मागाहून घातलेली विंडोज ११. यंत्र सुरू होतांच 'कोणती हवी?' असें तें विचारतें. नवी अंगवळणीं पडली म्हणजे जुनीकडे कोणी वळत नाहीं. तरी ती काढण्याचें धैर्यही होत नाहीं. आमच्या मतें ती काढावीच, मात्र रीतसर.

"निजलेली प्रणाली कोणाचें काय वाकडें करिते?" असें कित्येक म्हणतील. निजली आहे तोंवर कांहींच नाहीं, हें खरें. परंतु विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. वाढीव मुदतीच्या योजनेंत जिची नोंद नाहीं, तिला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहींत. घरांतील एखाद्या मुलानें सहज तीच निवडली व इंटरनेट जोडलें, तर बिनकडीचें दार जगास उघडें होतें. आणि नव्या भागांतील फाइली कुलूपबंद केलेल्या नसतील, तर त्याही तिला वाचतां येतात. एखादें जुनें यंत्र केवळ तिच्यावरच चालत असेल, तर ती ठेवणें क्षम्य आहे. परंतु इंटरनेट तोडून.

काढतांना उतावीळपणा नको. जी प्रणाली चालू असते ती बहुधा स्वतःच्याच भागास 'सी' म्हणते. म्हणून विंडोज ११ मधून पाहतां जुना भाग 'डी' किंवा अन्य अक्षरानें दिसतो. अक्षरावर न विसंबतां आकार व आंतील फाइली पाहून ओळख पटवावी. प्रथम कागदपत्रें व छायाचित्रें बाहेरच्या डिस्कवर उतरवून तीं उघडून पाहावीं. नंतर 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मधील 'बूट' यादींतून जुनीचें नांव काढावें. यानें केवळ नांव जातें. जागा सुटते ती 'डिस्क मॅनेजमेंट'मध्यें तो भाग पुसल्यावर.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. डिस्कवर 'ईएफआय' नांवाचा, बहुधा १०० एमबींचा, एक लहानसा भाग असतो. तो जुनीबरोबर आला, म्हणून तिच्याबरोबरच जावा असें वाटतें. परंतु नवीही त्याच उंबऱ्यावरून सुरू होते. तो गेला कीं यंत्र उठत नाहीं. दोन डिस्क असल्यास, जुनी डिस्क काढण्यापूर्वीं हा भाग कोणत्या डिस्कवर आहे तें पाहावें.

निरुपयोगी झालेलें जुनें टाकावें, हें योग्यच. परंतु त्यांतील कोणता भाग नव्याच्या पायाखालीं आहे, हें पाहिल्यावांचून त्यास हात लावूं नये. पालकांनीं हें काम एखाद्या सुटीच्या दिवशीं मुलांस जवळ बसवून करावें.