कबुतरांची मानमोडी

सालेकसा तालुक्यात धानाची मळणी सुरू झाली की खळ्यावर कबुतरांचे थवे उतरतात. त्यांतील एखादे मान पिळून गोल फिरू लागल्यास ‘ऊन लागले’ म्हणून सोडून देऊ नये. ती मानमोडी असू शकते.

हा रोग मूळचा कोंबड्यांचा, राणीखेत नावाने परिचित. त्याच्या विषाणूने जनुकांत फेरफार होत होत कबुतरांत निराळे कूळ थाटले. १९८० च्या सुमारास ते मध्यपूर्वेतून युरोपात शिरले व शर्यतीच्या कबुतरांबरोबर देशोदेशी गेले. १९८४ साली ब्रिटनमध्ये लिव्हरपूल बंदराच्या गोदामांतील खाद्य आजारी कबुतरांच्या विष्ठेने दूषित झाले आणि ते खाऊन कोंबड्यांना रोग जडला. आरंभी हे कूळ कोंबड्यांत सौम्य भासते. एकीतून दुसरीत जाता जाता प्रखर बनते.

लस हे पशुवैद्यकाचे क्षेत्र, परंतु खळ्यावर सांडलेले धान आमच्या विषयात येते. कबुतरे हाकलण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही. कोंडा व कणी झाकून ठेवावी; गावातील सर्व कोंबड्यांस एकाच वेळी लस द्यावी. एक घर टोचून घेते, शेजारी घेत नाही, आणि बोल मात्र लसीला! मेलेले कबुतर बोडीत न टाकता चुना घालून खोल पुरावे.