कुलपाच्या आतला राखणदार

कुत्र्याने घर राखावे, हा आपला जुना शिरस्ता. पण वाचक मंडळी, सकाळी दहाच्या सुमारास आमच्या जुळे सोलापुरातून एक चक्कर मारा. नवरा कचेरीत, बायको शाळेत नाहीतर बँकेत, मुले कॉलेजात. दारोदार कुलपे! आणि त्या कुलपांच्या आड कुठे कुत्रा भुंकतो आहे, कुठे दार ओरबाडतो आहे.

जुन्या सोलापुरात हा प्रश्न फारसा कुणाला पडला नसेल. गिरणीचा भोंगा झाला, माणसे पाळीवर गेली, तरी घर काही ओस पडत नसे. पूर्व भागात तर घराघरांतून माग खटखटत, बायका दारात बसून विड्या वळत. त्या गलबल्यात कुत्रे पाय ताणून खुशाल झोपे. एकटेपणा म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हते. ते दुखणे आणले आपल्या ब्लॉकने आणि दोन पगारांनी.

आमचा मोत्या गावठी, चार वर्षांचा. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि साडेनऊ ते सहा तो घरात एकटा उरला. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठले. म्हणाल्या, "अहो, तुमचा मोत्या दुपारभर रडतो बघा. भुंकला असता तर काही वाटलं नसतं." त्या रात्री आमच्या घरी कुणी नीट जेवले नाही. ही म्हणाली, "बार्शीला दादाच्या शेतावर देऊन टाकू या का त्याला?" पुण्याला फोन करून हे मुलीला सांगायचे कुणी, यावर ती चर्चा थांबली.

मग जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मोठा कुत्रा दिवसातला निम्मा वेळ झोपतोच. त्याचा जीव घाबरतो तो मालक बाहेर पडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात. तेवढा सांभाळा." तेव्हापासून मी पहाटे साडेपाचला त्याला विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावाकडे नेतो. दमून परत आल्यावर पोटभर खाणे. हिने निराळीच शाळा सुरू केली. चपला घालायच्या आणि पुन्हा खुर्चीत बसायचे. किल्ल्या वाजवायच्या आणि स्वयंपाकघरात जायचे. दाराबाहेर दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा. कुलूप लागले की माणूस परत येतो, हे त्याच्या डोक्यात भरायला तीन आठवडे लागले. निघताना लाडेलाडे निरोप घेणे बंद. पुठ्ठ्याच्या खोक्यात भाकरीचे तुकडे दडवून ठेवायचे; ते हुडकण्यात स्वारी गुंतते. (फराळातले बेदाणे आणि चॉकलेट मात्र चुकूनही नको. कुत्र्याला ते विष आहे.) हिची वापरलेली जुनी सोलापुरी चादर त्याच्या अंथरुणाला दिली आहे. वासाची सोबत!

संध्याकाळी घरी येऊन फाटकी उशी पाहिली, तरी कुत्र्याला रागावू नये. "बघा कसा ओशाळला, त्याला कळतंय," असे आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंनी २००९ साली याची परीक्षा प्रसिद्ध केली. काहीही न खाल्लेला कुत्रासुद्धा मालक रागावला की तसाच ओशाळा होतो. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाचा, त्याच्या गुन्ह्याचा नव्हे.

मला खरा राग येतो तो साखळीचा. आमच्या सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वर पारा. कुत्र्याला घाम येतो तो बहुतेक पंजांच्या तळव्यांनाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्यापाशी धापा टाकण्यावाचून दुसरा उपाय नाही. अशा जिवाला लोक गच्चीवर पत्र्याखाली बांधून कामावर जातात! दुपारपर्यंत ऊन फिरते, पाण्याचे भांडे लवंडते, साखळी मात्र तेवढीच राहते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. जनावराला उगाच तासन्‌तास साखळीने बांधणे, किंवा नेहमी बांधलेल्या नाहीतर कोंडलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. हे आमच्या आळीत सांगितले, तर लोक हसले.

आमच्या कचेरीतल्या एका तरुणाला मुधोळ जातीचा कुत्रा हवा आहे. का, तर तो लष्करात घेतला म्हणून. दख्खनच्या माळावर सशामागे धावणारी ती जात, २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेली. तिला दोन खोल्यांत नऊ तास कोंडणार? त्याला म्हटले, "आधी तू पहाटे उठायला लाग, मग बोलू."

एवढे सगळे केले तरी दुपार उरतेच. आठ-नऊ तास लघवी धरून बसायचे, म्हणजे कुणालाही शिक्षाच. शेवटी किल्ली खालच्या काकूंकडेच दिली. एक वाजता त्या वर येतात, त्याला अंगणात फिरवून आणतात, घटकाभर आपल्याकडे बसवून घेतात. पैशांचे नाव काढले तेव्हा म्हणाल्या, "माझा मुलगा बंगळूरला. मी तरी दुपारी कुणाशी बोलणार? हा निदान ऐकून तरी घेतो."

आता रविवारी आम्ही दोघे घरात असलो, तरी एक वाजला की मोत्या दारापाशी जाऊन उभा राहतो. दार उघडले की सरळ खाली. ही दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा मारत नाही.