जर्मनीत परवाना परीक्षेला बसणाऱ्या महाराष्ट्रातील परिचारिकांचे निवेदन

प्रति,
मा. सचिव,
वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : जर्मनीतील मान्यता परीक्षेची तयारी, अभ्यासक्रमाच्या तासांचे प्रमाणपत्र व एजन्सींवरील नियंत्रण याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे परिचारिका व परिचारक महाराष्ट्रात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग शिकलो आहोत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आमची रीतसर नोंदणी आहे. आमच्यापैकी काहीजण जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात साहाय्यक म्हणून काम करत आहेत, तर बाकीचे पुणे, सांगली, नांदेड येथे जर्मन शिकत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला १०,००० उमेदवार पाठवण्याचे ठरले आणि त्यांत परिचारिकाही आहेत. या कराराचे आम्हाला मनापासून समाधान आहे. मात्र तेथे पोहोचल्यावर लगेच सिस्टर म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी मान्यता लागते, आणि आमची माणसे अडतात ती तिथेच.

बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये स्टुटगार्टचे शासकीय कार्यालय आमच्या शिक्षणाची तेथील शिक्षणाशी विषयवार तुलना करते आणि उणिवांचे पत्र देते. त्या उणिवा भरून काढण्यासाठी एकतर पूरक प्रशिक्षण घ्यायचे, नाहीतर केन्टनिसप्रूफुंग ही ज्ञानपरीक्षा द्यायची. शिवाय भाषेची बी-२ पातळी लागते. हे सगळे पुरे होईपर्यंत हुद्दा आणि पगार साहाय्यकाचाच. मान्यतेसाठीचा निवास परवाना साधारण दोन वर्षांचा असतो, फार तर तीन. परीक्षेचा प्रत्येक भाग नापास झाल्यास एकदाच पुन्हा देता येतो.

तुलना करणाऱ्या कार्यालयाला आमचा वॉर्ड दिसत नाही, फक्त कागद दिसतो. आमच्यातील एका भगिनीच्या गुणपत्रिकेत ‘मेडिकल सर्जिकल नर्सिंग’ या विषयापुढे केवळ गुण होते. सर्जिकल वॉर्ड, आयसीयू, कॅज्युअल्टी येथे केलेल्या ड्यूटीचे तास कुठेच लिहिलेले नव्हते. महाविद्यालयाकडे तासांचा दाखला मागितला, तर ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर कित्येक महिने मिळत राहिले. शेवटी मिळालेल्या दाखल्यात थिअरी आणि प्रात्यक्षिकाची बेरीज एकाच आकड्यात होती. उणिवांच्या पत्रात त्या विषयाचे प्रात्यक्षिक अपुरे ठरले. रात्रपाळ्या काढून पूर्ण केलेले शिक्षण एका दाखल्यापायी कमी भरावे, ही गोष्ट आम्हाला सहन होत नाही.

यावर आमची मागणी साधी आहे. परिषदेने थिअरी, प्रात्यक्षिक आणि वॉर्डनिहाय ड्यूटीचे तास वेगवेगळे दाखवणारा एकच नमुना ठरवून द्यावा. तो प्रत्येक महाविद्यालयावर बंधनकारक असावा. पडताळणीसह हा दाखला १५ दिवसांत मिळावा आणि ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करावी. जी महाविद्यालये बंद पडली, त्यांच्या विद्यार्थ्यांना परिषदेने स्वतःच्या अभिलेखांवरून दाखला द्यावा.

आता परीक्षेविषयी. जर्मनीचा नवा परिचर्या कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्याने सर्वसाधारण परिचर्या, बालपरिचर्या आणि वृद्धपरिचर्या ही तीन वेगळी शिक्षणे एकत्र केली. त्यामुळे वृद्धांची सेवाही तेथील परीक्षेत महत्त्वाची आहे. आपल्याकडे रुग्णाला पुसून घेणे, भरवणे, कूस बदलणे यातले बरेचसे नातेवाईक आणि मावशी करतात. सिस्टर सलाईन, इंजेक्शन, औषधे आणि राउंड यांत गुंतलेली असते. तिथे अंग पुसणे ही परिचारिकेची तपासणीची वेळ मानतात. प्रात्यक्षिकात दोन ते चार प्रसंग असतात आणि एकेका प्रसंगाला दोन तासांपर्यंत वेळ असतो. समजा, खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झालेल्या आजी आहेत. त्यांना सकाळी पुसून घेताना टाच आणि माकडहाड लाल झाले आहे का ते पाहायचे, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून घट्ट मोजे चढवायचे, प्रत्येक कृतीआधी त्यांची परवानगी विचारायची, जे त्यांना स्वतः जमते ते त्यांनाच करू द्यायचे. परिचर्येचे नियोजन लेखी, जर्मनमध्ये द्यायचे. का केले, हे परीक्षकाला सांगता आले पाहिजे. तोंडी परीक्षा पाऊण ते एक तासाची असते. भराभर सलाईन लावणारा आमचा सफाईदार हात तिथे फारसा उपयोगी पडत नाही. उलट आजींच्या हातून कंगवा काढून घेऊन आपणच केस विंचरले, तर ती चूक धरली जाते.

हे भाषेच्या वर्गात शिकवत नाहीत आणि शिकवणे शक्यही नाही. म्हणून मुंबई, पुणे व नागपूर येथील शासकीय परिचर्या महाविद्यालयांत या परीक्षेच्या पद्धतीने सराव कक्ष सुरू करावेत, ही आमची सर्वांत आग्रहाची मागणी आहे. जर्मनीतील परिचर्या शिक्षकांना करारांतर्गत काही काळ येथे बोलवावे आणि आपल्या ट्यूटरांना त्यांच्याकडे पाठवावे. बी-१ नंतरचा वर्ग वॉर्डच्या जर्मनचा असावा : पाळी बदलतानाचा ओव्हर, वेदनेची विचारपूस, नातेवाइकांशी फोनवर बोलणे. केरळने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार संस्थेशी करार करून भाषाशिक्षणासह परिचारिका पाठवण्यास सुरुवात केली. महाराष्ट्राला ते अशक्य नाही.

एजन्सींबाबत थोडक्यात. नियमानुसार नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील करापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. प्रत्यक्षात ‘परीक्षेची हमी’ म्हणून लाखांची बोली होते, मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवल्या जातात आणि मध्येच सोडल्यास दंडाचे बाँड लिहून घेतले जातात. घर गहाण टाकून गेलेली मुलगी तिथे तक्रार करत नाही, गप्प राहून काम करते. मूळ कागदपत्रे अडवणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा आणि नोंदणीकृत एजंटांची यादी प्रत्येक परिचर्या महाविद्यालयात मराठीतून लावावी.

करारावरील पुढील बोलण्यांत एक अट अवश्य घालावी : परीक्षेपूर्वी अभ्यासासाठी पगारी वेळ आणि सोबत मार्गदर्शक परिचारिका, दोन्ही नोकरीच्या करारपत्रात लेखी असावे.

आमच्या जाण्याने येथील वॉर्ड आणखी तोकडे पडतात, हे आम्ही जाणतो. त्याचा उपाय येथील रिक्त पदे भरणे हा आहे. गेलेल्यांना साहाय्यक म्हणून अडकू देऊन तो होणार नाही.

वरील मागण्यांवर विभाग, परिषद आणि आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक एक महिन्याच्या आत बोलवावी व तिचे इतिवृत्त आम्हाला मिळावे, ही विनंती. जर्मनीतील सहकारी ऑनलाइन उपस्थित राहतील. बैठक दुपारनंतर ठेवल्यास त्यांना सोयीचे होईल.

आपले विश्वासू,
खाली सह्या करणारे परिचारिका व परिचारक

प्रत माहितीसाठी : निबंधक, महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई