पोरांना आधी बोटीत बसवा

सुट्टीत पुसदची मंडळी मुंबईला जातात आणि नटांच्या बंगल्यांची फाटकं पाहून परततात. त्यात लेकरांच्या वाट्याला काय येतं? ऊन आणि मोबाईल.

पूस धरणापलीकडे मोठं पाणी न पाहिलेल्या माझ्या नातीला मी गेटवेहून घारापुरीच्या बोटीत बसवलं. तासभर तिने मोबाईल मागितला नाही. "आजोबा, जहाजाचं पोट लालच का?" हा एकच धोशा. (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेला रंग तो, खलाशाने सांगितलं.) लेण्यातली त्रिमूर्ती आम्ही पाहिली, तिने माकडं पाहिली. चालायचंच.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विनच्या रांगेआधी भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती दाखवा. तो मूळचा घारापुरीवरचा; त्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली विलायतेला नेण्यासाठी उचलताना तो फुटला, पुढे तुकडे सांधून उभा केला. सांधे शोधण्यात पोरं रमतात, पेंग्विनपेक्षा जास्त.

बेत आखताना एवढं पाहा: घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी.