वकील आपणच घडवला

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात 1874 च्या डिसेंबरात एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा दाखवून देशमुखाचं घर पाडलं. गावाने त्या सावकाराला वाळीत टाकलं. पुढच्या वर्षी, 12 मे 1875 ला, सुप्याच्या बाजारात कर्जखतांची होळी पेटली. अमेरिकेतली यादवी संपून कापसाचे भाव बसले होते, सारा मात्र चढला होता. सावकाराच्या पाठीशी दिवाणी कोर्ट होतं. शेवटी 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने तडजोड घडवणाऱ्या सलोखेदारापुढे वकिलाला उभंच राहू दिलं नाही. वकील ज्याची थैली जड त्याचा, हे इंग्रजालाही उमगलं होतं म्हणायचं.

आज सावकार बदलला. रांजणगावला नि कुरकुंभला एमआयडीसी आली आणि एकरांची भाषा बोलणारे आपण गुंठ्यांवर आलो. शिरूर-दौंडच्या कोर्टात वकिलाच्या टेबलावर काय येतं? साठेखतं, कुलमुखत्यारपत्रं, वाटपाचे दावे, न वटलेल्या चेकच्या फिर्यादी. ज्या बांधावरून आज्याची नुसती तोंडातोंडी व्हायची, त्याच बांधासाठी नातू मनाई हुकूम मागतो. मिटवून घ्या म्हणणारा वकील आपल्याला मिळमिळीत वाटतो, तारखेवर तारीख घेऊन समोरच्याला थकवणारा खमक्या. मग तरुण वकिलाने काय शिकायचं? निकालावर फी ठरवू नये, वादातल्या मालमत्तेत वाटा मागू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. खरं सांगा, ‘साहेब, जमीन सुटली तर दोन गुंठे तुमचे’ हे आधी कोण म्हणतं?

सगळ्यात लाजिरवाणा कागद हक्कसोडपत्राचा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगून टाकलं. जमीन कोरडवाहू होती तोवर बहिणीच्या सहीची कुणाला आठवण नव्हती. रस्त्याला भाव आला तशी भावाला ती आठवली. भाऊबीजेला साडी, पाठोपाठ गाडी पाठवून दुय्यम निबंधकाच्या दारात. वकील कागद वाचूनही दाखवत नाही. फी भावाने दिलेली असते. बाईला, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. हे त्या गाडीत बसलेल्या एकानेही तिला सांगितलेलं नसतं. ‘माहेर तुटेल गं,’ एवढं मात्र आईकडून बिनचूक वदवून घेतलेलं असतं.

करडेकरांनी सावकाराशी व्यवहार तोडला होता. बहिणीची सही खिशात घालून परतलेल्या भावाला आपण पारावर जागा करून देतो, चहा मागवतो, आणि तो चहा पीत पीत आजकालचे वकील किती बिघडलेत यावर तासभर बोलतो.