आखूड गाडीची बाजू

छोट्या विजेच्या मोटारींवरचा आक्षेप ठरलेला आहे: दिसायला गोंडस, कामाला कुचकामी. डिकी नाही, दारे दोनच, चाके इवलीशी. त्यापेक्षा साधी पाच आसनी गाडी काय वाईट? २०२३ मध्ये एमजीची कॉमेट आली, तेव्हापासून तर 'खेळणे' हा शिक्का तिच्यावर बसलाच आहे. रूपासाठी जे केले ते उपयोगातून वजा झाले, असे या आक्षेपाचे गृहीत आहे. ते टिकत नाही.

भिवंडीतल्या यंत्रमागांच्या गल्लीत ते तपासून पाहावे. एका अंगाला कापडाचे तागे भरणारा टेंपो उभा, समोरून सुताच्या गोण्यांची हातगाडी, आणि उरलेल्या वाटेतून अंग चोरून निघणाऱ्या रिक्षा. अशा जागी कॉमेटची २९७४ मिलिमीटर लांबी आणि १५०५ मिलिमीटर रुंदी कामाला येते. टाटांची टियागो ईव्ही तिच्यापेक्षा सुमारे ८० सेंटिमीटर लांब आणि १७ सेंटिमीटर रुंद आहे. कॉमेटची वळण्याची त्रिज्या अवघी ४.२ मीटर. बॅटरी तळाशी, मोटर मागे आणि चाके थेट चार कोपऱ्यांत, म्हणून तीन मीटरच्या आत चार माणसे मावतात. लोक ज्या ठेंगण्या-उभट आकाराला हसतात, तो या मांडणीतूनच आला आहे.

पल्ल्याचा आक्षेपही असाच. कंपनी २३० किलोमीटर सांगते. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी धरले तरी ठाणे आणि कल्याण भिवंडीहून पंधराएक किलोमीटरवर आहेत. घरच्या चार्जरवर साधारण सात तासांत, म्हणजे रात्रीतून, ती पूर्ण चार्ज होते.

उलट, निव्वळ सोयीच्या हिशेबावर गाडी चालत नाही, हे नॅनोने दाखवले. २००९ मध्ये आलेल्या नॅनोला चार दारे होती, आत ऐसपैस जागा होती, किंमत लाखाच्या घरात होती. आगीच्या काही घटनांनी विश्वास डळमळला हे खरे, पण 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख तिला अधिक भोवली. रतन टाटांनीही ती चूक पुढे मान्य केली. दारात उभी असलेली गाडी माणूस रोज पाहतो, पाहुण्यांना दाखवतो. तिचा अभिमान वाटणे हीदेखील गरजच आहे.

तरीही आक्षेपातले खरे ते घ्यायलाच हवे. १२ इंची चाकांना पावसाळ्यातले भिवंडीचे खड्डे झेपणे कठीण. मागे बसायचे तर पुढचे आसन सरकवून वाकून शिरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजीला हा त्रास का? चौघे बसले की सामानाला जागा उरत नाही. सहकुटुंब गावी जाणाऱ्यांनी २४० लिटर डिकीची टियागो ईव्हीच घ्यावी.

पण दुकान, गोदाम, शाळा, बँक एवढाच ज्यांचा रोजचा फेरा आहे, त्यांनी वर्षातल्या दोन सहलींसाठी मोठी गाडी बाराही महिने गल्लीत अडकवून ठेवू नये. आणि कारखानदारांनी या टीकेला घाबरून पुन्हा सगळ्या गाड्या एकाच साच्यातून काढू नयेत. आकार असाच आखूड आणि देखणा ठेवावा. फक्त चाके मोठी करावीत आणि मागच्या प्रवाशांना स्वतःचे दार द्यावे.