आधी छाया, मग रंग

संगणकावर चित्रे काढणारी मुले पुष्कळदा प्रथम करड्या छटांतच चित्र पूर्ण करतात आणि मग वेगळ्या थरावर रंग चढवितात. काहींना ही पद्धत कृत्रिम वाटते. मला ती उपकारक वाटते. युरोपातील जुने चित्रकारही करड्या चित्रावर पारदर्शक रंगांचे लेप देत असत. प्रकाश कोठून येतो हे ज्यास उमगले नाही, त्याचे चित्र कितीही रंग वापरले तरी उभे राहत नाही.

परंतु येथेच एक धोकाही आहे. अहिल्यानगरजवळ डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे; लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्याने तिच्या करड्या चित्रावर सर्वत्र एकच दगडी रंग पसरला. वास्तू धुळीने माखल्यासारखी निर्जीव दिसू लागली. कलत्या उन्हातील दगड पिवळसर भासतो, सावलीतील दगडावर आकाशाची निळाई उतरते. करडी छटा प्रकाशाचे प्रमाण सांगते, त्याचा रंग सांगत नाही.

म्हणून मुलांनो, रंग निवडण्यापूर्वी एकदा सकाळी व एकदा सायंकाळी तो डोंगर चढा. जे स्वतः पाहता येते, त्याचा रंग यंत्राकडून उसना का घ्यावा?